खरं बोलणारी जोडी

"मुलांना थोडं अडखळायला होतंय, सर. आवाजाचं काही करता येईल का, पाहाल?"

एवढाच निरोप होता. पाठवणाऱ्या बाई म्हणजे दृष्टिहीन मुलांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. पस्तीस वर्षांपूर्वी त्या माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या, त्यामुळे "तुमचं चुकतंय" असं मला सरळ लिहिणं त्यांना जन्मात जमलं नसतं. त्यांच्या तिसरीला गणिताचे शिक्षक मिळत नव्हते. शाळा दूरच्या गावी, आणि माझ्या गुडघ्यांनी प्रवासाचा राजीनामा केव्हाच दिलेला. म्हणून असं ठरलं होतं की मी घरी बसून तोंडी गणिताचे दहा पाठ रेकॉर्ड करायचे आणि मुलांनी ते वर्गात ऐकायचे. दोन पाठ नमुन्यादाखल पाठवले होते. महिनाअखेरीस शाळेची समिती ते ऐकून निर्णय घेणार होती. नापास झाले तर तिसरीचा गणिताचा तास वर्षभर रिकामा. रिकाम्या तासाला मुलं काय करतात हे मी अडतीस वर्षं पाहिलं आहे, आणि त्यात गणित येत नाही.

"आवाजाचं" हा शब्द मात्र मला लागला. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत विनामाइक पोचत असे. कधीकधी तर शेजारच्या वर्गातली मुलं माझ्या प्रश्नांची उत्तरं देत. तेव्हा दोष आवाजात असणं शक्य नाही, तो यंत्रात आहे, असा निष्कर्ष मी पाच मिनिटांत काढला आणि तळमजल्यावरच्या साउंडवाल्यांकडे गेलो. ते एका सभागृहात ध्वनियंत्रणा सांभाळतात. सगळ्या वक्त्यांची भाषणं ऐकून ऐकून त्यांचा चेहरा कायमचा शांत झाला आहे.

"सर, रेकॉर्ड केलेलं तुम्ही ऐकता कशावर?"

"म्हणजे? कानांनी ऐकतो."

"तसं नाही. स्पीकर कुठला?"

मी सांगितलं. स्टीलच्या पेल्यात मोबाइल उभा करून ठेवला की आवाज चांगला घुमतो, ही युक्ती माझी मीच शोधून काढली होती. एक्स-रे पाहून डॉक्टर जसे काही क्षण खिडकीबाहेर बघतात, तसं साउंडवाल्यांनी बाहेर पाहिलं.

"तुम्हाला मॉनिटर लागणार, सर."

अडतीस वर्षांत मी शंभरेक मॉनिटर नेमले असतील. फळ्याच्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांची नावं लिहायची आणि मधल्या सुट्टीत एकट्याने डबा खायचा, एवढंच त्या पोरांचं काम. मी म्हटलं, "अहो, घरात आम्ही दोघंच. मॉनिटर कशाला?"

"स्पीकर हो, सर! स्टुडिओत असतात ते. साधा स्पीकर म्हणजे पाहुणा, काहीही वाढा, 'वा' म्हणणार. मॉनिटर म्हणजे घरचा माणूस. मीठ जास्त झालं की तोंडावर सांगतो. त्याचा आवाज फ्लॅट पाहिजे. म्हणजे जे आहे तेवढंच, चढवून नाही, उतरवून नाही. खोली केवढी तुमची?"

"दहा बाय नऊ."

"मग चार इंची जोडी पुरे. मोठे घेऊ नका, लहान खोलीत नुसते गुरगुरतील. परवडणारे घ्या, पण फ्लॅट घ्या."

इतकं स्पष्ट मार्गदर्शन मिळाल्यावर चुकायला जागा राहू नये. पण मी वर जाऊन एका मोठ्या दुकानाला फोन केला आणि म्हणालो, "परवडणारे, लहान, दोन मॉनिटर घरपोच पाठवा." तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचे दोन चकचकीत पडदे घरी हजर झाले.

बायकोने खोकी उघडली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती, त्यामुळे तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. दोन्ही पडद्यांत तिने केस नीट केले आणि म्हणाली, "छान आहेत. आवाज कुठून येतो?"

परत पाठवायचे तर एक अर्ज भरायचा होता. "परतीचे कारण" या रकान्यात तीनच पर्याय: तुटलेले निघाले, रंग चुकला, मन बदलले. माझं मन बदललेलं नव्हतं, आणि जे घडलं नाही त्यावर खूण करण्याची सवय मला नाही. मी खाली मोकळ्या जागेत स्वच्छ अक्षरात लिहिलं: "दिसतात, पण ऐकू येत नाहीत." त्याचा परिणाम असा झाला की दुकानाने पडदे परत नेण्याऐवजी दुरुस्तीचा माणूस पाठवला. त्याने तासभर दोन्ही पडद्यांना कान लावले. शेवटी घाम पुसत म्हणाला, "काका, यांना आवाज कधी नव्हताच."

"तेच तर लिहिलंय मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं आणि गुपचूप "मन बदलले" यावर खूण केली. या सगळ्यात आठवडा गेला.

धडा घेऊन मी या वेळी फक्त गाण्याबजावण्याचं सामान विकणाऱ्या दुकानाला फोन केला. आमच्या घरात फोन नीट लागतो तो गॅलरीत. तिथे उभा राहून मी शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो, "हे बघा, मला फ्लॅट पाहिजे. अगदी फ्लॅटच. लहान चालेल. हो, दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे मी बसणार. नाही, बायको नाही बसणार मधे. परवडणारे दाखवा. आणि शक्यतो लवकर, महिनाअखेरच्या आत मला सगळं सुरू करायचंय."

यात काय गैर आहे ते आजही मला कळत नाही. पण वरच्या गॅलरीत "अनुभवी" उभे होते. हे आमचे शेजारी पाणीखात्यातून निवृत्त झालेले, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझ्या अनुभवावरून सांगतो" अशी करतात, म्हणून त्यांचं हे नाव पडलं. संध्याकाळी ते खाली आले, आमच्या दारात चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"मास्तर, माझ्या अनुभवावरून सांगतो. या वयात वेगळं राहण्यात अर्थ नसतो."

"कुणापासून वेगळं?"

"भांडणं कुठे होत नाहीत? आमच्याकडे रोज होतात. पण म्हणून माणसाने दोन दोन फ्लॅट..." त्यांचा आवाज दाटून आला. "आणि मधे कुठे बसणार होतात तुम्ही? जिन्यात?"

त्यांना समजावून वर पाठवेपर्यंत अर्धा तास गेला, पण तोवर बातमी जिन्याने इमारतभर पोचली होती. दुसऱ्या दिवशी तीन बायका माझ्या बायकोला धीर द्यायला आल्या. तिने त्यांना चहा दिला आणि खुलासा मात्र काही केला नाही. मी नंतर विचारलं, "अगं, सांगायचं नाही का?" तर म्हणते, "इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी बाजू ऐकत होतं. मधेच कशाला तोडू?" त्याच दिवशी घरांचा एक दलालही येऊन गेला. त्याच्याकडे समोरासमोरचे दोन फ्लॅट होते, आणि मधे मला बसायला बाल्कनीही होती.

फ्लॅटचा गैरसमज मिटतो न मिटतो तोच "स्टुडिओ" हा शब्द सेक्रेटरींच्या कानावर गेला. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी सज्जन गृहस्थ आहेत, फक्त नियमावली पाठ आहे. ते फाइल घेऊनच आले.

"सर, नियम चौदा. राहत्या घरात व्यवसाय करायचा तर परवानगी लागते."

"व्यवसाय कसला? मुलांना गणित शिकवतो. फुकट."

"फुकट असलं तरी स्टुडिओ तो स्टुडिओच. अर्ज भरा. सोपा आहे."

अर्ज चार पानी होता. "कामगारांची संख्या" या रकान्यात मी "एक" लिहिलं. "ग्राहकांची संख्या: बावीस." "ग्राहकांच्या येण्याजाण्याची वेळ: येत नाहीत." त्यापुढे "सांडपाण्याची व्यवस्था" असा रकाना होता. मी तिथे रेघ मारली.

सेक्रेटरी म्हणाले, "रकाना रिकामा चालत नाही, सर."

"अहो, बोलण्यात कसलं सांडपाणी?"

"काहीतरी लिहा ना. माझ्यासाठी."

मी लिहिलं: "घसा ओला करण्यापुरता एक पेला. सांडत नाही." त्यांनी ते दोनदा वाचलं, समाधानाने मान हलवली आणि मंजुरीसाठी वर, खाली आणि शेजारी राहणाऱ्यांच्या सह्या आणायला सांगितलं. खालच्या साउंडवाल्यांनी न वाचता सही केली. शेजारच्या घराला कुलूप होतं, म्हणून सेक्रेटरींनीच "कुलूप यांची हरकत नाही" असा शेरा मारला. वरचे अनुभवी मात्र अडून बसले. "स्पीकर आले की पहिल्यांदा मी ऐकणार. या अटीवर सही." मी कबूल केलं. आठवडा दुसरा संपला.

आता दुकान. मी बायकोला बरोबर नेलं, कारण तिच्या कानांवर माझा विश्वास आहे. नुसत्या श्वासावरून ती सांगायची म्हणे, की पलीकडचा माणूस उधार मागणार आहे की लग्नाचं विचारणार आहे. दुकानातल्या ऐकण्याच्या खोलीत सहा जोड्या मांडलेल्या होत्या. दुकानदाराने माझाच पाठ एकेका जोडीवर लावला.

पहिल्या, भल्यामोठ्या जोडीतून माझा आवाज आला आणि मी खुर्चीत ताठ बसलो. काय सांगू! एखाद्या सभेत अध्यक्ष उठून उभे राहावेत तसा तो आवाज होता. "माझ्या एका खिशात सात खडे आहेत" हे वाक्य ऐकून अंगावर काटा आला. मी म्हटलं, "हेच!"

"हे कोण बोलतंय?" बायकोने विचारलं.

"मी."

"हं." ती म्हणाली. "पुढचे लावा हो."

पाचवी जोडी लहानशी, काळी, तोंड पाडून बसल्यासारखी दिसणारी होती. चार इंची. तिच्यातून एक म्हातारा मास्तर बोलू लागला. थोडा घाईतला, थोडा नाकातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वासाची बारीक फुस्स. मी दुकानदाराला म्हटलं, "हे काही बरोबर नाहीत."

"हेच," बायको म्हणाली.

"अगं, पण आवाज..."

"अहो, सकाळी चहा मागणारा माणूस हाच आहे. मी ओळखते त्याला."

दुकानदार हसू दाबत म्हणाला, "मावशींचा कान तयार आहे. सर, सगळ्यात फ्लॅट हीच जोडी. आणि सगळ्यात स्वस्तही." खोक्यावरचा आकडा पाहून मलाही बरं वाटलं. बिल करताना कळलं की तो आकडा एका स्पीकरचा असतो. हे स्पीकर नगावर विकतात. मी म्हटलं, "एकाने नाही का भागणार?" त्यावर दुकानदार म्हणाला, "काका, चष्मासुद्धा तुम्ही दोन काचांचाच घेता." नव्या चपला पुढच्या वर्षावर ढकलल्या आणि जोडी घेऊन आलो.

खोक्यातल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. हे वाचून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. अडतीस वर्षं मुलं मला विचारत आली होती, "सर, समभुज त्रिकोण पुढे कुठे लागतो?" आणि मी "लागतो, लागतो" म्हणून वेळ मारून नेत होतो. मी दोरी आणि खडू काढला आणि जमिनीवर त्रिकोण आखला. त्रिकोण अचूक होता. फक्त त्याचा एक कोन कपाटात जात होता.

म्हणजे कपाट हलवणं आलं. अनुभवी मदतीला धावले. "माझ्या अनुभवावरून सांगतो, कपाट तिरकं काढायचं." तिरकं काढलेलं कपाट दारात अडकलं. आम्ही दोघं खोलीच्या आत होतो, आणि बायको, स्वयंपाकघर व जेवण हे तिन्ही बाहेर. दीड तासाने साउंडवाले कामावरून आले तेव्हा सुटका झाली. त्या दीड तासात बायकोने कपाटाच्या वरच्या फटीतून चहाचे कप आत सरकवले आणि प्रत्येक वेळी विचारलं, "मधे कोण बसलंय?"

शेवटी कपाट बाहेरच्या खोलीत गेलं. स्पीकर कानांच्या उंचीला हवेत म्हणून स्वयंपाकघरातली दोन उंच स्टुलं आत आली. स्पीकरला मागे आवाज बाहेर पडायला एक भोक असतं, म्हणून ती भिंतीपासून लांब सरकवली. खोली घुमू नये म्हणून भिंतीवर घरातल्या सगळ्या रजया टांगल्या, आणि सेक्रेटरींनी स्वखुशीने अंड्यांचे रिकामे ट्रे आणून दिले. खोलीत आता माणसाला उभं राहायला बरोबर एक जागा उरली होती. ती त्रिकोणाच्या तिसऱ्या कोनावर.

ठरल्याप्रमाणे पहिला मान अनुभवींचा. त्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी केलेलं भाषण आणलं होतं, ते लावलं. दोन मिनिटं ऐकून ते उठले. चेहरा उतरला होता.

"मास्तर, तुम्ही फसलात. स्पीकर बिघडलेले आहेत."

"का हो?"

"मी असा रडका बोलत नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मनात मात्र म्हटलं, बिचारा, माणसाला स्वतःचा आवाज ऐकवत नाही. ही दया दुसऱ्याच्या बाबतीत किती सहज येते!

मग मी माझे दोन्ही पाठ लावले आणि हादरलो. पेल्यात कधी ऐकू आलं नव्हतं ते सगळं आता आलं. फ्रिजची घरघर. पंख्याची टकटक. दुसऱ्या पाठात, नऊ अधिक आठच्या मागे, बायकोचा लांबून आलेला आवाज: "अहो, गॅस बंद केलात का?" आणि त्यावर मी, मुलांना, त्याच दमात: "हो केला, तर मुलांनो..."

म्हणजे मुलं अडखळत होती ती यामुळे! मी कागद घेतला आणि वर्गातल्या मॉनिटरसारखी नावं लिहायला बसलो. फ्रिज. पंखा. भिंतीवरचं घड्याळ. वरच्यांचा नळ. वरच्यांची शिंक, दररोज दहा वाजून दहा मिनिटांनी, तीनदा. पुढचे तीन दिवस मी इमारतभर शांतता पसरवत हिंडलो. घड्याळ काढून कपाटात ठेवलं. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद, परिणामी दूध दोनदा नासलं. अनुभवींनी शिंक दहा चाळीसवर नेण्याचं वचन दिलं आणि शक्य तेवढं पाळलं. मी दोन्ही पाठ नव्याने रेकॉर्ड केले. काचेसारखे स्वच्छ. घरघर नाही, टकटक नाही, गॅस नाही. मोठ्या अभिमानाने पाठवून दिले.

दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला. "सर, आवाज फारच सुंदर झालाय. पण मुलांना अजून जमत नाहीये. काय होतंय ते मलाही नीट सांगता येत नाही. समिती गुरुवारी येतेय. नाही जमलं तर राहू दे, तुम्ही खूप केलंत."

"तुम्ही खूप केलंत" हे वाक्य निवृत्तीच्या दिवशी मला अकरा जणांनी ऐकवलं होतं. त्याचा अर्थ मला कळतो.

मी त्या स्टुलांच्या मधे बसून राहिलो. जमिनीवरचा खडूचा त्रिकोण, टांगलेल्या रजया, अंड्यांचे ट्रे, सगळं माझ्याकडे बघत होतं. बायको दारात आली. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "लावा बरं. मी ऐकते."

"तू काय ऐकणार? आवाज स्वच्छ आहे."

"आवाज नाही ऐकत. मी तिसरीत आहे असं समजा. उठा तिथून."

ती माझ्या जागी बसली, डोळे मिटले. मी पाठ लावला. स्पीकरमधला मास्तर म्हणाला, "मुलांनो, माझ्या एका खिशात सात खडे आहेत, दुसऱ्या खिशात सहा. एकूण किती झाले?"

बायकोने तोंड उघडलं. "ते..."

"तेरा! शाब्बास!" मास्तर म्हणाला. "आता त्यातले चार मी खाली टाकले. उरले किती?"

"न..."

"नऊ! बरोबर! आता..."

"अहो, बोलू तर द्या!" ती स्पीकरवरच ओरडली.

मी पाठ बंद केला. खोलीत कधी नव्हे एवढी शांतता होती, मी स्वतःच ती तयार केली होती.

"शाब्बास कुणाला म्हणालात?" तिने विचारलं.

मी स्पीकरकडे पाहिलं.

"एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं," ती हळूच म्हणाली. "नंबर विचारलात की गप्प बसा. लोकांना डायरी शोधायला वेळ लागतो."

"पण वर्गात मी असा नव्हतो गं. मी थांबायचो."

"वर्गात पोरं समोर दिसायची तुम्हाला. डोकं खाजवणारी, बोटं मोजणारी. म्हणून थांबायचात. इथे कोण दिसतंय?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि घरीही नाही थांबत. पण ते राहू दे आता."

धीराचा मास्तर म्हणून माझी ख्याती होती. ती माझ्या डोळ्यांची ख्याती होती, हे मला चार इंची दोन स्पीकरनी आणि बायकोने सांगितलं. आणि ही मुलं तर समोरचं बघून अंदाज घेणारी नाहीत. त्यांना फक्त माझा आवाज, आणि त्यात शिरायला मी एक फटसुद्धा ठेवली नव्हती. शिंका, घड्याळं, फ्रिज, सगळ्यांची नावं मी कागदावर लिहिली. सगळ्यात जास्त बडबड करणारा राहून गेला होता.

गुरुवारला दोन दिवस होते. मी नव्याने सुरुवात केली. ठरवलं की प्रश्न विचारायचा आणि मनात पाच मोजायचे. सोपं वाटतं ना? करून बघा. पहिल्या वेळी मी पाच मोठ्याने मोजले. दुसऱ्या वेळी तीनवरच "तेरा" निसटलं. तिसऱ्या वेळी न राहवून "विचार करा, विचार करा" असं दहा वेळा म्हणालो, म्हणजे विचार करणं आणखी अशक्य केलं. शेवटी बायको समोर, दाराच्या उंबऱ्यावर बसली. मी प्रश्न विचारायचा, तिने हाताची पाच बोटं एकेक करून सावकाश उघडायची, आणि अंगठा उघडल्याशिवाय मी ओठ उघडायचे नाहीत. आणि उत्तरानंतरची "शाब्बास" मी काढून टाकली. ज्याचं उत्तर ऐकलंच नाही त्याला शाबासकी देणं हे आता माझ्या तोंडून निघेना. त्याऐवजी म्हणालो, "मला तेरा मिळाले. तुम्हाला?" आणि पुन्हा पाच बोटं.

पाठ साउंडवाल्यांकडे साफ करायला दिला. त्यांचा जिन्यातूनच आवाज आला, "सर, मधे मधे रिकामं पडलंय. कापून टाकू?"

"हात लावू नका!" मी ओरडलो. "तिथे मुलं बोलणार आहेत."

गुरुवारी अकराच्या सुमाराला बाईंचा फोन आला. "सर, समिती मागच्या बाकांवर बसलीय. पाठ लावतेय. फोन चालू ठेवते, तुम्हीही ऐका."

गॅलरीत फोन कानाला लावून मी उभा होतो, बायको शेजारी कान लावून. लांबून माझाच आवाज आला. "माझ्या एका खिशात सात खडे आहेत, दुसऱ्या खिशात सहा. एकूण किती झाले?"

मग काहीच नाही. एक. दोन.

"तेरा!" कुणीतरी ओरडलं. "बारा!" "ए, बारा नाही, तेरा!" "तेराच! मोज परत!" बाकांचा आवाज, हसणं, दहाबारा आवाजांचा गलका. समितीतलं कुणीतरी मागून जाड्या आवाजात ठामपणे "चौदा" म्हणालं, आणि सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला. मी फोनमधे "तेरा" म्हणायला तोंड उघडलं होतं. बायकोने माझं कोपर धरलं.

आणि त्या गलक्याखालून एक बारीक, सावकाश आवाज आला, खडे एकेक करून बाकावर ठेवल्याच्या टकटकीनंतर: "ते... र..."

"मला तेरा मिळाले," स्पीकरमधला मास्तर म्हणाला. "तुम्हाला?"

पाठ संपल्यावर बाई फोनवर आल्या. आवाज हसत होता. "पास, सर! चौदावाले साहेबच म्हणाले, वर्षभराचे मागवा. बाकीचे आठ कधी पाठवता?"

"बाई, ती शेवटी बोलली ती कोण?"

"ती होय? ती हळू मोजते. खडे खिशातून काढून, एकेक हाताळून मोजते. उत्तर चुकत नाही पण तिचं कधी."

"मी तिच्या मधे बोललो."

पहिल्या बाकावरची ती मुलगी आता बरीच मोठी झाली होती. "जरासं, सर," त्या म्हणाल्या.

"मग हे दोन पाठ पुन्हा रेकॉर्ड करतो. पाच कमी पडतात. सात मोजतो."

मी फोन ठेवला. बायको कठड्याला टेकून उभी होती.

"आठ मोजा," ती म्हणाली.

सात पुरे होतील, मला वर्गाचा अंदाज आहे, असं मी लगेच सांगणार होतो. ओठापर्यंत आलंही होतं. मी ते तिथेच धरलं आणि मनात मोजायला लागलो. चारपर्यंत आलो तेव्हा तिचं पटलं.